कुत्र्याला तेल द्यायचंय? आधी कंगवा घ्या

आमच्या भुरीच्या पाठीवर हात फिरवला की तळहाताला पांढरा कोंडा चिकटायचा. केस राठ झालेले, कळा गेलेली, शेपटीच्या बुडाशी तर कातडी दिसायला लागलेली. भेटेल त्याला विचारलं. कुणी म्हणालं खोबरेल, कुणी माशाचं तेल, कुणी जवसाचं. मी तिन्ही आणली. पहिल्याच दिवशी मोठा चमचा भरून माशाचं तेल तिच्या जेवणावर ओतलं. तिनं भांडं चाटून लख्ख केलं, मला वाटलं झालं काम. तिसऱ्या रात्री दोन वाजता ती दाराशी कुईकुई करत होती, आणि मी उठून कडी काढेपर्यंत गालिच्यावर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

जुलाब थांबल्यावर तेल कमी करून महिनाभर रेटलं. फरक शून्य. शेवटी डॉक्टरांकडे नेली. त्यांनी तेलाचा विषयच काढला नाही. बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या बुडाशी दोनदा फिरवला, निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर झटकली. क्षणभरात त्या काळ्या ठिपक्यांभोवती लालसर तपकिरी डाग पसरले. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे भुरीचंच पचलेलं रक्त. महिनाभर मी पिसवा झालेल्या कुत्रीला तेल पाजत होतो.

भुरी आजही तेल घेते, पण मोजून आणि कारण माहीत असताना. मधल्या काळात ज्या गोष्टी चुकत चुकत कळल्या त्या क्रमानं लिहितो.

हाताशी काय हवं

- बारीक दातांचा, पिसवा काढायचा कंगवा आणि पांढरा कापूस किंवा टिश्यू
- वजनकाटा (माणसांचा चालतो: कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा)
- बिनसुईची ५ मिलीची सिरिंज. चमच्यावर भिस्त ठेवू नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा
- कॅल्क्युलेटर, ज्यात वर्गमुळाची खूण आहे असा
- सध्या देत असलेल्या खाण्याच्या पिशवीवरच्या लेबलचा फोटो
- चालू औषधांची यादी आणि लसीकरणाची वही
- एक साधी वही किंवा फोनमधली नोंद

१. आधी कारण शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. निस्तेज केस हे लक्षण आहे, आणि ते डझनभर कारणांनी येतं. त्यातली थोडीच तेलानं सुधारतात.

कंगव्याची परीक्षा घरी करता येते. शेपटीच्या बुडाशी, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि मानेभोवती कंगवा फिरवा, भुकटी ओल्या कापसावर टाका. साधी धूळ राखाडी राहते, पिसवांची घाण लालसर होते. एकही पीसू डोळ्यांना दिसली नाही तरी हा डाग पुरेसा आहे. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते, मग थोड्या चाव्यांनीही ती स्वतःला ओरबाडून काढतात.

बाकी खुणा अशा. कानांच्या कडा आणि कोपरांवर वेड्यासारखी खाज येत असेल तर खरजेचा संशय घ्या. गोल, केस गेलेले चट्टे म्हणजे गजकर्ण असू शकतं. ते घरातल्या माणसांनाही लागतं, तेव्हा थांबू नका. कातडी तेलकट, कुबट वास आणि बोटांच्या बेचक्या सतत चाटणं, यामागे बहुधा यीस्ट नावाची बुरशी असते. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होतायत, खाज मात्र नाही, त्यात वजन वाढलंय आणि कुत्रा सुस्त झालाय, असं असेल तर थायरॉइड किंवा दुसऱ्या एखाद्या संप्रेरकाची रक्ततपासणी लागेल. सायबेरियन हस्की आणि मालाम्यूट या जातींत जस्ताशी संबंधित एक त्वचाविकार दिसतो, डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती खपल्या धरतात. त्याला माशाचं तेल कितीही द्या, जस्त मिळाल्याशिवाय उतार पडत नाही.

आणि हो, तुम्ही स्वतःच कारण असू शकता. माणसांचा शाम्पू आणि वरचेवर आंघोळ, एवढ्यानं कातडी कोरडी पडते. तेलाची बाटली आणण्याआधी महिनाभर शाम्पू बदलून पाहणं स्वस्तात पडतं.

जखमा, पू, दुर्गंधी, चट्टे किंवा झोप उडवणारी खाज, यातलं काहीही असेल तर इथेच थांबा आणि कुत्रा डॉक्टरांना दाखवा. पुढचं सगळं त्यानंतर.

२. आत्ता पोटात काय जातंय ते पाहा

कुत्र्याला लिनोलेइक आम्ल नावाचं एक ओमेगा-६ गटातलं स्निग्ध आम्ल (चरबीचा एक घटक) खाण्यातूनच मिळावं लागतं, त्याचं शरीर ते बनवू शकत नाही. कातडीच्या वरच्या थरातून पाणी उडून जाऊ नये म्हणून जो स्निग्ध बांध असतो, तो या आम्लाशिवाय नीट बांधला जात नाही. म्हणून कमतरता झाली की कोंडा आणि कोरडे केस.

पण ‘संपूर्ण आणि संतुलित’ असं लिहिलेलं चांगलं तयार खाणं देत असाल तर ही कमतरता सहसा नसते. ती होते कुठे? फार कमी चरबीच्या खाण्यावर असलेल्या कुत्र्यांत, उघडून महिनोन्‌महिने पडलेल्या पिशवीतलं खाणं खाणाऱ्यांत (त्यातली चरबी हवेनं खवट होते), आणि अंदाजानं घरी शिजवलेलं खाणाऱ्यांत. घरी शिजवत असाल तर तेल हा त्या कोड्याचा एक तुकडा आहे, प्रथिनं, जस्त, जीवनसत्त्वं बाकी राहतात. केस मुख्यतः प्रथिनाचेच असतात, तेव्हा प्रथिन कमी पडत असेल तर तेल काय करणार? पाककृती एकदा पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पिशवीवर माशाचं तेल आधीच घातल्याचं लिहिलं असेल तर तेही हिशेबात धरा.

३. कोणतं तेल कशासाठी

‘तेल’ या एका शब्दात अगदी वेगळी कामं करणाऱ्या गोष्टी कोंबल्या जातात, गोंधळ तिथेच सुरू होतो.

*माशाचं तेल.* यात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं असतात. त्यांचं काम दाह कमी करणं. ॲलर्जीनं लाल होणाऱ्या, खाजणाऱ्या कातडीला उपयोग होतो तो यांचा. औषधाच्या जोडीला दिलं तर कधीकधी औषधाची मात्राही कमी करता येते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. तेल सुरू केलं म्हणून खाजेची गोळी परस्पर बंद करू नका.

*सूर्यफूल, करडई, मका.* यांच्यात लिनोलेइक आम्ल भरपूर. खाज नाही, नुसता कोरडेपणा आहे, खाण्यात चरबी कमी आहे, अशा वेळी ही उपयोगी. फक्त बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं नाही ना ते पाहा. त्या वाणात लिनोलेइक बरंच कमी केलेलं असतं.

*जवसाचं तेल.* यातही ओमेगा-३ आहे, पण वेगळ्या रूपात. कुत्र्याच्या शरीराला त्यातून ईपीए अगदी थोडं करता येतं, डीएचए तर जवळजवळ नाहीच. माशाच्या तेलाचा शाकाहारी पर्याय म्हणून ते विकलं जातं, त्या कामासाठी ते अपुरं आहे. खरा शाकाहारी पर्याय हवा असेल तर सागरी शेवाळाचं तेल पाहा. डीएचए त्यात थेट असतं, ईपीए किती ते लेबलवर बघून घ्या.

*खोबरेल.* मी स्वतः खोबरेलाचा भक्त होतो, म्हणून जरा वाईट वाटतं सांगायला. ते बहुतेक सगळं संपृक्त चरबीचं, लिनोलेइक आम्ल जेमतेम दोन-तीन टक्के, ईपीए-डीएचए शून्य. कुत्र्यांना चव आवडते आणि कॅलरी पोचतात. कातडीला जे हवं असतं ते त्यात नाही.

*ऑलिव्ह.* अपाय नाही, पण कातडीसाठी फार काही हाती लागत नाही.

*कॉड लिव्हर तेल.* हा सगळ्यात मोठा सापळा. हे माशाच्या यकृताचं तेल. त्यात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वं दाट असतात आणि ती शरीरात साठत जातात. ओमेगा-३ ची मात्रा गाठायला गेलात तर ही जीवनसत्त्वं विषारी पातळीला जाऊ शकतात. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात, चित्रही माशाचंच असतं. ‘लिव्हर’ किंवा ‘यकृत’ हा शब्द दिसला की बाटली परत ठेवा.

टी ट्री आणि तत्सम सुगंधी अर्क, लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल, यांना या यादीत जागाच नाही. टी ट्री तर अंगावर लावून चाटलं गेलं तरी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते.

४. लेबल उलटून वाचा

समोरच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘१००० मिग्रॅ’ असतं. तो आकडा तेलाचा आहे. आपल्याला हवा तो आकडा मागे, बारीक अक्षरांत असतो: ईपीए किती, डीएचए किती. नेहमीच्या १००० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिग्रॅ ईपीए आणि १२० मिग्रॅ डीएचए असतं, म्हणजे कामाचे ३००. तीव्र केलेल्या कॅप्सूलमध्ये हाच आकडा दुपटीहून जास्त असू शकतो. ‘शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दोन गोळ्या देतात’ या माहितीचा म्हणूनच काही उपयोग नाही.

लेबलवर नुसतं ‘ओमेगा ३-६-९’ लिहून ईपीए-डीएचए वेगळे दिलेले नसतील तर ती बाटली घेऊ नका. कुत्र्याच्या खाण्यात ओमेगा-६ बहुधा आधीच पुरेसं असतं, आणि ओमेगा-९ शरीर स्वतः बनवतं.

माणसांसाठीचं पातळ, चवदार तेल घेत असाल तर इतर घटकांत झायलिटॉल आहे का ते शोधा. काही ठिकाणी ते ‘बर्च शुगर’ या नावानं येतं. हा गोडवा कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्यानं पाडतो, यकृतही निकामी करू शकतो.

५. मात्रा काढा

त्वचेच्या तक्रारींसाठी पशुआहारतज्ज्ञ साधारण असं गणित धरतात: वजनाचा पाऊण घात गुणिले १२५, येईल ते दिवसाचे ईपीए आणि डीएचए मिळून मिलिग्रॅम. पाऊण घात ऐकून मीही घाबरलो होतो. कॅल्क्युलेटरवर ते असं करायचं: किलोतलं वजन तीनदा एकमेकांशी गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा.

भुरी १२ किलोची. १२ × १२ × १२ = १७२८. एकदा वर्गमूळ ४१.५७, पुन्हा वर्गमूळ ६.४५. त्याला १२५ नं गुणलं की सुमारे ८०६ मिग्रॅ.

म्हणजे साध्या कॅप्सूल पावणेतीनच्या आसपास. पातळ तेल असेल आणि ५ मिलीत ईपीए-डीएचए मिळून १३०० मिग्रॅ असतील, तर ८०६ भागिले १३०० गुणिले ५, म्हणजे ३.१ मिली. सिरिंज इथे कामाला येते.

पडताळायला काही आकडे: ५ किलोला सुमारे ४२० मिग्रॅ, १० किलोला ७००, २० किलोला ११८०, ३० किलोला १६००. वजन दुप्पट झालं म्हणून मात्रा दुप्पट होत नाही हे लक्षात येईल. मोठ्या कुत्र्यांना जास्त दिलं जातं ते या गफलतीमुळे.

वरची मर्यादाही आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००६ साली प्रौढ कुत्र्यासाठी याच गणितात १२५ च्या जागी ३७० ही सुरक्षित कमाल धरली. भुरीसाठी ती २३८६ मिग्रॅच्या आसपास येते. तिथवर जायचं कातडीसाठी काही कारण नाही. पिल्लं आणि गाभण कुत्री यांचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडूनच घ्या.

वनस्पती तेलांना असं काटेकोर गणित लागत नाही. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाव ते अर्धा छोटा चमचा पुष्कळ झाला.

कॅलरी विसरू नका. ५ मिली तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी, मोठा चमचा १२०. पाच किलोच्या, फारसं न धावणाऱ्या कुत्र्याला दिवसाला जेमतेम ३५० लागतात. मी पहिल्या दिवशी ओतला तसा चमचा त्याला रोज दिला तर त्याच्या रोजच्या गरजेचा एक तृतीयांश वरून पडेल. जेवढं तेल, तेवढं खाणं किंवा खाऊ कमी करा.

६. चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात

पहिला आठवडा पाव मात्रा, दुसरा अर्धी, तिसरा पाऊण, चौथ्यापासून पूर्ण. शी रोज पाहा. सैल झाली तर मागच्या पायरीवर या आणि आणखी एक आठवडा तिथेच थांबा. घाई करून मिळतं काय ते माझ्या गालिच्याला विचारा.

या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, शाम्पूही नाही. नाहीतर फरक कशानं पडला ते कळायचं नाही. ॲलर्जी शोधण्यासाठी डॉक्टरांनी ठरावीक खाण्याचा प्रयोग चालवला असेल तर तेलही त्यांना विचारल्याशिवाय घालू नका. कॅप्सूलचं जिलेटिन हे गुरं, डुक्कर किंवा माशापासून केलेलं असतं आणि तेवढ्यानं आठ आठवड्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

७. भरवणं आणि ठेवणं

जेवणात मिसळा, तेही निवलेल्या. गरम अन्नात किंवा शिजवताना घातलं तर ही आम्लं खराब होतात. कॅप्सूल टोचून पिळली की झालं.

सिरिंज मोजायला आहे, घशात पिचकारी मारायला नाही. तेल श्वासनलिकेत गेलं तर खोकला येईलच असं नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

बाटली लहान घ्या. छोट्या कुत्र्यासाठी लिटरची बाटली घेतली तर शेवटचं अर्धं तेल खवट झालेलंच देत राहाल. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा, लेबलवर उघडल्यानंतरची जी मुदत असेल ती पाळा. ताज्या माशाच्या तेलाला समुद्राचा सौम्य वास असतो. रंगाच्या डब्यासारखा, नाकात झोंबणारा वास आला की टाकून द्या. काल आवडीनं खाणारा कुत्रा आज भांड्यापासून तोंड फिरवत असेल तर आधी बाटली हुंगा. त्याचं नाक आपल्या पुढे आहे.

मात्रा मोठी आणि दीर्घकाळ असेल तर ‘ई’ जीवनसत्त्वाची गरज वाढते. तेलात ते आधीच मिसळलंय का ते पाहा, नसेल तर डॉक्टरांना विचारा.

८. फोटो काढा आणि थांबा

कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला सुमारे तीन आठवडे लागतात, केसांना त्याहून खूप जास्त. म्हणून पहिल्या महिन्यात निकाल मागू नका. ८ ते १२ आठवडे हा खरा परीक्षेचा काळ.

दर रविवारी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, अंगाच्या त्याच तीन जागांचा फोटो काढा. खाजेला ० ते १० मध्ये गुण द्या आणि लिहून ठेवा, कारण आपली आठवण फार दयाळू असते. मला सहाव्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ वाटत होतं. फोटो लागोपाठ लावले तर शेपटीच्या बुडाशी केसांची बारीक लव उगवलेली दिसली. अर्थात तोवर पिसवांचं औषध सुरू होऊन बराच काळ झाला होता, श्रेय कुणाचं ते मी भांडत बसलो नाही.

१२ आठवड्यांनी काहीच हललं नसेल तर तेल बंद करा आणि पहिल्या पायरीवर परत जा.

९. कुणाला देऊ नये, कधी बंद करावं

स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेलेला कुत्रा, रक्तात चरबी वाढलेला कुत्रा, आणि ज्यांच्यात हा दोष बऱ्याचदा आढळतो ते मिनिएचर श्नाउझर जातीचे कुत्रे: यांना डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय थेंबही नको. तेल सुरू केल्यावर वारंवार उलट्या, खाणं सोडणं, पोटाला हात लावू न देणं, किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून राहणं असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

माशाच्या तेलानं रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावू शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल, दात काढायचे असतील, किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तेलाबद्दल आठवणीनं सांगा. किती दिवस आधी थांबायचं ते डॉक्टर ठरवतील. बहुतेक मालक हे सांगत नाहीत, कारण ‘औषधं कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाला तेल हे उत्तर सुचतच नाही. मी भुरीच्या लसीकरणाच्या वहीत शेवटच्या पानावर तेलाचं नाव, रोजचे मिली आणि सुरू केल्याची तारीख लिहून ठेवली आहे. वजन दर तीन महिन्यांनी बदलतं, तसा मिलीचा आकडा खोडून त्याच ओळीत नवा लिहितो.